स्नेहाचा सांठा

आमच्या भाषेनें चरबीला न्याय दिलेला नाहीं. एखाद्याचा उद्दामपणा डोळ्यांत खुपूं लागला कीं आपण म्हणतों, ‘त्याच्या अंगावर चरबी चढली आहे’. जणूं उद्धटपणा हा स्वभावाचा दोष नसून मांस व कातडें यांच्यामध्यें सांचणारा एक पदार्थ आहे. उलट हाच पदार्थ संस्कृतांतून येतांना ‘स्नेह’ हें नांव धारण करून आला, तेव्हां मात्र आपण त्याला पाट मांडून बसविलें. तूप, तेल, वसा आणि मज्जा हे वैद्यकांतील चार स्नेह. आणि आईचा, मित्राचा, गुरूचा तोही स्नेहच. संक्रांतीला एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतांना या दोन अर्थांची गांठ आपण दरवर्षीं घालतों, पण ती घालीत आहों हें आपल्या ध्यानींमनीं नसतें.

पन्नाशी उलटलेल्या अध्यापकाला या शब्दाचा पहिला अर्थ कोणी विसरूं देत नाहीं. सहा महिन्यांनीं एकदां रक्ताच्या तपासणीचा कागद हातीं येतो, डॉक्टर चष्म्यावरून पाहतात, आणि आमच्या घरीं आठ दिवस तुपाच्या भांड्यावर पहारा बसतो. आम्हांला मात्र कमरेच्या या वाढत्या घेराविषयीं अलीकडे एक प्रकारचा आदर वाटूं लागला आहे. त्याला कारण आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राचे एक सहाध्यापक. साहित्य शिकविणाऱ्या माणसाला सृष्टींतलें कांहीं कळत नाहीं अशी त्यांची प्रामाणिक समजूत असल्यामुळें ते आम्हांला अधूनमधून कांहीं तरी वाचावयास देत असतात. या खेपेस त्यांनीं दिलेले लेख उपाशी अष्टपादाविषयींचे होते. ज्याला सामान्यतः ऑक्टोपस म्हणतात तोच हा प्राणी. ते वाचून झाल्यापासून आमच्या मनांत चरबी, उपवास आणि वात्सल्य हे तीन विषय एकमेकांत असे गुंतले आहेत कीं ते सोडवून पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आधीं आपल्या स्वतःकडे पाहूं. माणूस उपाशी राहिला म्हणजे त्याचें शरीर एखाद्या जुन्या वळणाच्या संसारी गृहस्थाप्रमाणें वागतें. प्रथम तें खिशांतील सुटे पैसे खर्चतें. यकृतांत सांठविलेली साखर हे ते सुटे पैसे. ते साधारण एका दिवसांत संपतात. मग तें पेढीवरची ठेव मोडावयास काढतें. ही ठेव म्हणजे चरबी, आणि ती लहानसहान नसते. ७० किलो वजनाच्या साधारण माणसाच्या अंगीं १० ते १५ किलो चरबी असते. एक ग्रॅम चरबींतून सुमारें ९ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम प्रथिनांतून वा साखरेंतून अवघ्या ४. मेंदूला साखरेवांचून चालत नाहीं अशी पूर्वी समजूत होती, आणि ती साखर मिळविण्यासाठीं पहिले कांहीं दिवस शरीर स्नायूंना हात घालतेंही. पण १९६७ सालीं ओवेन, केहिल व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, उपास लांबला म्हणजे मेंदूही चरबीपासून बनणाऱ्या कीटोन द्रव्यांवर आपलें बरेंचसें भागवूं लागतो, आणि मग स्नायूंची झीज मंदावते. घरांतील सर्वांत लाडावलेलें मूल अडचणीच्या दिवसांत कोरडी भाकरी खावयास शिकतें, तशांतलाच हा प्रकार. सारांश, चरबी शिल्लक आहे तोंवर देहाला खाण्याचें देह होतां होईल तों टाळतो.

अष्टपादाजवळ मात्र सांगण्यासारखी ठेवच नाहीं. त्याला हृदयें तीन आहेत, रक्त निळें आहे, हाडें मुळींच नाहींत, आणि बुद्धि इतकी आहे कीं बिनकण्याच्या प्राण्यांत त्याला तोड नाहीं. पण त्याच्या मांसांत चरबीचें प्रमाण शेंकडा २ हूनही कमी असतें. कोकणच्या बाजारांत त्याचे जातभाई म्हाकूळ विकावयास येतात. ते ज्यांनीं शिजविले आहेत त्यांना ही गोष्ट पुस्तकावांचून ठाऊक असते; कढईंत पाणी भरपूर सुटतें, परंतु चरबीचा तवंग कांहीं दिसत नाहीं. जो थोडाबहुत स्नेह या प्राण्यांच्या शरीरांत असतो तो मुख्यतः एका ग्रंथींत. तिला पूर्वीचे लोक यकृत म्हणत. आतां पाचकग्रंथि म्हणतात, कारण पचन आणि शोषण हीं दोन्ही कामें तिच्याकडे असतात.

असें कां असावें, याचें उत्तर त्याच्या आयुष्याच्या हिशेबांत सांपडतें. साधा अष्टपाद एक ते दोन वर्षें जगतो. अंड्यांतून बाहेर पडतांना त्याचें वजन कांहीं मिलिग्रॅम असतें, आणि एवढ्या अल्प मुदतींत तें दोन-तीन किलोंपर्यंत जातें. खेंकडे, शिंपले, मासे असें जें जें तो खातो त्याचा निम्म्याच्या आसपास भाग तो आपल्या अंगीं लावतो. ज्याला दोन वर्षांत सारा संसार उरकावयाचा आहे त्यानें म्हातारपणाची तरतूद कशाला करावी? त्याचें भक्ष्यही मांसल, चरबी बेताची. त्यामुळें खाल्लेलें सारें स्नायूंत जातें, आणि जो स्नेह मिळतो तो नव्या पेशींचीं आवरणें बांधण्याकडे, मज्जातंतूंकडे आणि पुढें अंड्यांकडे जातो. आपल्याला स्नेह सरपण म्हणून उपयोगी पडतो. त्याला तो बांधकामाच्या चुन्याप्रमाणें हवा असतो. बांधून झालेल्या भिंतींतला चुना कोणी चुलींत घालीत नाहीं.

अशा प्राण्यावर उपासाची पाळी आली म्हणजे काय होतें? १९८४ सालीं ओ’डॉर, मँगोल्ड, बूशे-रोदोनी आणि वेल्स दांपत्य यांनीं साध्या अष्टपादाच्या शरीरांत अन्नद्रव्यें कशीं शोषलीं जातात, कोठें सांठतात आणि गरजेच्या वेळीं पुन्हां कशीं बाहेर काढलीं जातात, याचा ताळेबंद मांडला. त्यांतील मार्टिन वेल्स हे एच्. जी. वेल्स या कादंबरीकाराचे नातू. आजोबांनीं १८९८ च्या कादंबरींत मंगळावरून सोंडांसारख्या हातांचे, दुसऱ्यांच्या रक्तावर जगणारे प्राणी पृथ्वीवर उतरविले. नातवानें आयुष्य वेंचून खऱ्या सोंडवाल्या प्राण्याचा अभ्यास केला, तेव्हां त्याला असें आढळलें कीं हा बापडा उपासमारींत दुसऱ्या कोणावर नव्हे, स्वतःच्याच स्नायूंवर जगतो. पाचकग्रंथि आकसते, तिच्यांतील स्नेह घटतो. २०१० सालीं गार्सिया-गार्रिदो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लहान अष्टपादांना दीर्घकाळ उपाशी ठेवून या ग्रंथीचें व मांसाचें असें पृथक्करण करून पाहिलें आहे. या ग्रंथीला कोठार म्हणावें कीं म्हणूं नये, यावर विद्वानांत वादही झाले आहेत. पण कोठार म्हटलें तरी तें एका मडक्याएवढेंच. मुख्य खर्च चालतो तो स्नायूंतील प्रथिनांतून. प्रथिनें जाळलीं कीं अमोनिया उरतो, आणि तो समुद्र निमूटपणें धुऊन नेतो. घरांत लांकूड सांठविलेलेंच नसेल तर छपराचे वासे काढून चूल पेटवावी लागते. चूल पेटते, अन्न शिजतें, आणि रोज रात्रीं आभाळ थोडें थोडें अधिक दिसूं लागतें.

येथें एका जुन्या कथेची आठवण होते. अस्थिहीन असा हा प्राणी हिंवाळ्यांत आपल्या थंडगार घरांत बसून आपलाच पाय कुरतडतो, असा उल्लेख हेसियड या ग्रीक कवीनें सुमारें सत्तावीसशें वर्षांपूर्वीं केला. पुढें ॲरिस्टॉटलनें ही समजूत खोडून काढली. अष्टपाद स्वतःचे पाय खात नाहीं, ते त्याचे शत्रु असलेले मोठे वाम मासे तोडून नेतात, असें त्यानें लिहिलें. कोंडून ठेवलेल्या एखाद्या अष्टपादानें आपले हात चावल्याचीं उदाहरणें आहेत, पण तें दुखणें असतें, भोजन नव्हे. तेव्हां तत्त्ववेत्ताच बरोबर ठरतो. आणि तरीही त्या कवीच्या पदरांत कांहीं तरी टाकावेंसें वाटतें. दांतांनीं नव्हे, पण रक्ताच्या वाटेनें, आंतून, कण्याकण्यानें, उपाशी अष्टपाद आपले आठही हात खरोखरच खात असतो. कवीची चूक तोंडाची जागा सांगण्यांत झाली, एवढेंच.

हा उपास समुद्रांत अन्न मिळालें नाहीं म्हणून घडला तर ती केवळ उपासमार. परंतु अष्टपादाच्या मादीच्या आयुष्यांत एक उपास असा येतो कीं जो अन्न समोर असतांना घडतो. अंडीं घातल्यावर ती त्यांच्यापाशीं बसते, त्यांवर पाणी फुंकते, हातांनीं त्यांवरील मळ झाडते, आणि खाणें सोडते. अंडीं राखणारी मादी अन्नासाठीं बाहेर पडत नाहीं व खंगत जाते, हें ॲरिस्टॉटललाही दिसलें होतें. तिच्याजवळ चरबी नाहीं, म्हणजे या पहाऱ्याचा सारा खर्च तिच्या मांसांतून निघतो. पिलें बाहेर पडतात आणि ती मरते.

या उपासाचें सर्वांत दीर्घ उदाहरण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत, मॉन्टेरी येथील समुद्रांतील दरींत, सुमारें १४०० मीटर खोलीवर नोंदलें गेलें. तेथील एका खडकावर ग्रॅनेलेडोनी जातीची एक मादी अंड्यांवर बसलेली २००७ सालच्या मे महिन्यांत संशोधकांना दिसली. अंगावरील व्रणांवरून ती ओळखतां येत असे. ते यंत्रनौका घेऊन पुनःपुन्हां तेथें जात राहिले. प्रत्येक वेळीं ती त्याच जागीं होती. सुमारें १६० अंडीं आणि तीन अंशांच्या आसपासचें थंड पाणी. त्या थंडीमुळें अंडीं सावकाश वाढत होतीं आणि तिचा जीवही सावकाश जळत होता. तिचा रंग फिका पडला, कातडी सैल पडली, डोळे गढुळले. यंत्राच्या हातानें तिच्यापुढें खेंकड्याचे तुकडे धरले. तिनें ते घेतले नाहींत. २०११ च्या सप्टेंबरांत ती शेवटची दिसली. पुढच्या महिन्यांत खडकावर फाटलेलीं रिकामीं कवचें तेवढीं होतीं. त्रेपन्न महिने!

ही हकीकत वाचून ज्याच्या मनांत मातृस्तोत्र उभें राहणार नाहीं असा मराठी वाचक विरळा. आमच्याही मनांत तें उभें राहिलें. परंतु सहाध्यापकांनीं त्याच पुडक्यांत आणखी एक लेख ठेवला होता, १९७७ सालचा. अष्टपादाच्या डोळ्यांमागें दोन लहान ग्रंथि असतात, आणि त्याचें प्रजनन त्यांच्या ताब्यांत असतें, हें वेल्स दांपत्यानें १९५९ सालींच दाखविलें होतें. जेरोम वोडिन्स्की यांनीं अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या या ग्रंथि काढून टाकल्या. त्या माद्यांनीं अंडीं सोडलीं, त्या पुन्हां खाऊं लागल्या, त्यांचें वजन वाढलें, आणि त्या मरणाची ठरलेली वेळ ओलांडून पुढें जगल्या. २०२२ सालीं यान वांग, क्लिफ्टन रॅग्सडेल व त्यांचे सहकारी यांनीं त्यापुढचा धागा उलगडला. समागमानंतर याच ग्रंथींत कोलेस्टेरॉलशीं निगडित अशीं निरनिराळीं द्रव्यें अधिक प्रमाणांत बनूं लागतात. म्हणजे ज्या प्राण्याजवळ जाळावयास स्नेह नाहीं, त्याच्या मरणाचा हुकूम मात्र स्नेहाच्याच शाईनें लिहिला जातो!

येथें दोन प्रकारचे वाचक दोन टोकांना जातील. एक म्हणेल, पाहा, वात्सल्य वगैरे सर्व थोतांड. सारा खेळ ग्रंथींचा. हें आम्हांला पटत नाहीं. मानवी मातेच्या स्तनांत दूध येतें तेंही ग्रंथींच्याच आज्ञेनें, म्हणून कोणी त्या दुधाला खोटें म्हणत नाहीं. दुसरा म्हणेल, पाहा, आईनें झिजावें हा सृष्टीचाच नियम आहे. समुद्राच्या तळापासून आमच्या माजघरापर्यंत तो एकच. या दुसऱ्या वाचकाशीं आमचें भांडण आहे, आणि तें भांडतां यावें म्हणूनच हा लेखप्रपंच.

आमचें बाळपण तालुक्याच्या एका गांवीं गेलें. पुढें शिक्षणासाठीं शहराच्या खानावळींत पैसे भरण्याची वेळ आली तेव्हां पहिल्या वर्षीं आईच्या पाटल्या गेल्या. सोनें ही आमच्याकडील संसाराची चरबी; तें अडीअडचणीला वितळावयाचेंच असतें, आणि त्याबद्दल आईनें किंवा आम्हीं कधीं डोळ्यांतून पाणी काढलें नाहीं. परंतु दुसऱ्या वर्षीं मोडावयास कांहीं उरलें नव्हतें. त्या वर्षीं आईचे उपवास वाढले. सोमवार पूर्वीपासून होता. त्याला गुरुवार येऊन मिळाला, मग शनिवार, मग चतुर्थी आणि प्रदोष. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या घरीं कोणाच्या तोंडीं येत नसे, कारण त्या एकादशीला साबुदाणाही नसे. शेजारपाजारच्या बायका आईच्या भक्तीची वाखाणणी करीत, आणि आई ती हांसत ऐकून घेई.

सुटींत घरीं आलों म्हणजे हें सर्व आम्हांला दिसत असे, आणि कळतही असे. आम्हांला कळतें हें आईलाही कळत असावें. रात्रीं पोट भरलें असें सांगून आम्ही ताटांतील एक पोळी मागें ठेवीत असूं. दुसऱ्या दिवशीं गाडींत डबा उघडला कीं तीच पोळी, तूप लावून दुमडलेली, आमच्याच डब्यांत सांपडे. तें तूप कोठून येई तें देव जाणे. मायलेंकांचा हा खेळ चार वर्षें चालला. त्यांत दोघांपैकीं कोणीही कधीं ‘भूक’ हा शब्द उच्चारला नाहीं. उपवासांच्या वारांनीं त्या शब्दाचें काम केलें.

मॉन्टेरीच्या त्या मातेची हकीकत वाचतांना आम्हांला आईची आठवण झाली, आणि मग तेवढ्याच जोरानें दोघींमधील फरक डोळ्यांपुढें आला. त्या मातेपुढें खेंकडा धरला, तिनें तो घेतला नाहीं. तिचें तोंड ग्रंथीनें मिटलेलें होतें, आणि जगांतील कोणाचीही करुणा तें उघडूं शकली नसती. आमच्या आयांचीं तोंडें कोणत्याही ग्रंथीनें मिटलेलीं नव्हतीं. पंक्तींत त्यांचें पान आधीं मांडलें असतें तर त्या जेवल्या असत्या. तें पान शेवटीं मांडण्याची चाल समाजानें पाडली, आणि उरलेल्या भातावर व खरवडीवर भागविण्याला सृष्टीचा नियम असें नांव दिलें. ज्या घरांत कोठार रिकामें असतें तेथें कोणाचें तरी मांस जळणारच; पण कोणाचें जळावें हें अष्टपादाच्या बाबतींत निसर्ग ठरवितो आणि आमच्या बाबतींत पंगत ठरविते. त्या ठरावावर मग आपण स्तोत्रें रचतों. आईच्या त्यागाचें स्तोत्र गाणें हें आईला वेळेवर वाढण्यापेक्षां नेहमींच स्वस्त पडलें आहे.

म्हणून चरबीविषयींचा आमचा आदर वाढला आहे तो केवळ स्वतःच्या पोटाची बाजू घेण्यासाठीं नव्हे. चरबी म्हणजे उद्दामपणा नव्हे. चरबी म्हणजे वाईट दिवसांत कोणाच्या हातापायांना हात लावावा लागूं नये म्हणून चांगल्या दिवसांत केलेली तरतूद. घराची चरबी असते, गांवाची असते, राज्याची असते. कणगींतलें धान्य, पतपेढींतील ठेव, रेशनच्या दुकानांतील तांदूळ, शाळेंतील मुलांचें दुपारचें जेवण, हे सारे स्नेहाचेच सांठे होत, आणि येथें त्या शब्दाचे दोन अर्थ खरोखर एक होतात. जेथें असा सांठा नाहीं तेथें दुसऱ्या अर्थाच्या स्नेहावर सगळा भार पडतो. आणि तो स्नेह कितीही थोर असला तरी शेवटीं कोणाच्या तरी दंडावरच्या मांसांतूनच तो भार उचलतो.

आमच्या महाविद्यालयांत दुष्काळी भागांतून बरेच विद्यार्थी येतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत त्यांच्यांतील कांहींजणांची धर्मश्रद्धा एकाएकी वाढते, हें आम्ही कित्येक वर्षें पाहत आहों. दुपारच्या सुटींत मुलें डबे उघडतात तेव्हां एखादा मुलगा, किंवा हल्लीं बहुतेक वेळां एखादी मुलगी, ग्रंथालयांत पुस्तक उघडून बसलेली दिसते. विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें, ‘सर, आज उपवास आहे.’ कोणत्या देवाचा, हें आम्ही विचारीत नाहीं. त्या वारांचा अर्थ आम्हांला घरींच शिकावयास मिळालेला आहे. ‘मग उपवासाचेंच कांहीं तरी घेऊं या, आम्हांलाही डॉक्टरांनीं एकट्यानें खाऊं नका म्हणून सांगितलें आहे,’ अशी कांहीं तरी थाप मारून आम्ही कँटीनचा रस्ता धरतों, आणि साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन बशा मागवितों. समोरची बशी थोडा वेळ तशीच राहते. मग चमचा उचलला जातो.